कंपासाचं टोक

सकाळी सव्वानऊला सुरू झालेलं मालनचं बोलणं काही थांबेना.

“सांगा ना बाबा, फुलात गोल असतो, का मी घालते?”

दस्तगीर बाबा टेकडीवरचे फकीर. सूप पुढ्यात घेऊन तांदूळ निवडत होते. मागं त्यांच्या तकियाची, म्हणजे राहत्या मठीची, नवी भिंत कोरीच उभी होती. ती आपल्याच हातून रंगावी म्हणून मालन कडेवर लेक अन् काखेत चित्रांची वही घेऊन चढून आली होती. लेक आता मांडीवर झोपली होती.

मालननं वही उघडली. कंपासनं काढलेल्या वर्तुळात बसवलेला झेंडू. त्रिकोणात मावलेला पोपट. गोगलगायीच्या पाठीवर एकात एक गोल.

“सगळ्याला माप असतंय बाबा. मला ते दिसतं. आमच्या गावात दुसऱ्या कुणाला दिसत नाही.”

“हं…”

शेवटच्या पानावर लेकीचा चेहरा होता. नुसत्या हातानं काढलेला.

“हिला गोल नाही?” बाबांनी विचारलं.

“राहिलाय.”

“कंपास दे.”

मालन हरखली. बाबा स्वतः हात लावतायत म्हणजे भिंत मिळालीच.

बाबांनी कंपास उघडला. मध्य शोधत शोधत टोक चित्रातल्या कपाळावर आणलं, दोन भुवयांच्या बरोबर मधे…

मालननं वही हिसकावली. सूप कलंडलं. पोर दचकून रडायला लागली.

“काय झालं गं?”

“टोचेल ना तिला.”

“कागद आहे.”

“कळतंय मला, कागद आहे…”

ती पोरीचं कपाळ चाचपत राहिली. तिथं काहीच नव्हतं. आपण असं का केलं, तिचं तिलाच उमगेना. इतका वेळ बोलत होते ती मीच होते का, असं तिला वाटायला लागलं.

बाबा मातीतले तांदूळ वेचत होते.

“चुकलं का माझं?”

बाबांनी मूठभर तांदूळ सुपात टाकले.

“मग बरोबर केलं?”

बाबांनी एक खडा काढून फेकला.

“बाबा, भिंत मिळणार का नाही, तेवढं तरी सांगा.”

बाबांनी कंपास मिटून तिच्या हातात दिला. वही घेतली, पहिलं पान उघडलं आणि उन्हासमोर धरलं. झेंडूच्या पोटात कंपासच्या टोकाचं बारीकसं भोक होतं. त्यातून ऊन येत होतं.

“लेकीला ‘टोचेल’ म्हणालीस, ते ह्या झेंडूला सांग. अन् म्हणावं, पुढच्या पानांवरच्यांना कळव.”