काटे काढणारी बगळी

फार पूर्वी एका रानात पायातले काटे काढणारी एकच म्हातारी बगळी होती. दर वर्षी ती हत्तीराजाला विनवायची, "महाराज, माझी नजर अधू होत चाललीय. आपल्या रानातल्या विद्यापीठातली पाखरांची दोन पिल्लं माझ्याकडे शिकायला धाडा."

"पुढच्या वर्षी बघू," राजा म्हणायचा. दरबारात मान भाषणाला होता, म्हणून पिल्लं भाषणकलाच शिकत.

एकदा राजाच्याच पायात बाभळीचा काटा रुतला. चाळीस पदवीधर धावत आले आणि काट्यावर सुंदर बोलले.

"अरे, बोलता काय? चोच लावा!" बगळी वैतागून ओरडली. कुणालाच जमेना. शेवटी तिनेच चाचपडत काटा ओढला, पण टोक आतच मोडलं.

राजा कण्हत म्हणाला, "उद्याच दहा पिल्लं पाठवतो."

"पाठवा," बगळी म्हणाली, "पण मला आता काटाच दिसत नाही. त्यांना शिकवणार कोण?"