चिचुंद्रीचा दुसरा मजला

फार पूर्वी प्राण्यांच्या शहरांतही नगरपालिका होत्या, तेव्हाची ही गोष्ट. नाल्याकाठच्या पडक्या वस्तीत एक चिचुंद्री उपड्या, गंजक्या डब्याखाली राहायची. डब्याला भोके पडली होती आणि तिला पावसाळ्यात पिल्ले होणार होती.

वस्ती सुधारायला सरकारने अनुदान काढले. नियम असा, की छप्पर गळताना साहेबांनी स्वतः पाहिले पाहिजे. साहेब म्हणजे कासव. ते आले भर वैशाखात.

"बाई, थेंब कुठाय?" कासव म्हणाले.

"साहेब, पाऊस लागला की या ना."

"पावसात कार्यालय बंद असतं."

शेजारच्या उंदरांनी हे ऐकले. ते तोंडात नाल्याचे पाणी भरून डब्यावर चढले आणि भोकांतून चुळा टाकू लागले.

"गळतंय, गळतंय!" कासवाने खूश होऊन लिहून घेतले. मग मान वर काढली. "वर कोण राहतं?"

"कुणी नाही हो. शेजारी आहेत."

"म्हणजे घर दुमजली. दुमजलीला अनुदान नाही." कासव निघून गेले.

चिचुंद्री रडू लागली. वरून म्हातारा उंदीर म्हणाला, "रडू नकोस गं पोरी. चढलोच आहोत, तर चिखल दे वर." संध्याकाळी उंदीर खाली उतरले, तोवर भोके बुजली होती. एक मात्र मोठे होते, त्यात चिखल टिकेना.

आठवड्याने नोटीस आली. 'वरचा मजला परवानगीशिवाय रिकामा केला. खुलासा करावा.'

चिचुंद्रीने कागद चाचपून पाहिला. चांगला जाड होता. तिने त्याची घडी घालून मोठ्या भोकात घट्ट कोंबली. पावसाळाभर पिल्ले कोरडी झोपली.