भिवा आकाश राखायला गेला

एका गावात एक भोळा राखणदार होता. गावाचं नाव कोरेवाडी आणि राखणदाराचं नाव भिवा. ज्वारी हुरड्यात आली की लोक त्याला मचाणावर चढवायचे. राखणीत त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. बस म्हटलं की बसायचा, उतर म्हटलं की उतरायचा. अडचण एवढीच, की उतर म्हणायला कुणी विसरलं तर तो वरच राहायचा. एका वर्षी कणसं घरी आली, कडबा रचून झाला, तरी भिवा मोकळ्या रानात गोफण घेऊन बसलेला. कारण उतर असं कुणी म्हणालंच नव्हतं.

भिवाला लहानाचं मोठं केलं ते वेणूआत्याने. भिवा चाळिशीचा झाला तरी पहाटे सगळ्यांच्या आधी उठून चहा चहा करायचा. एकदा आत्या वैतागून म्हणाली, "हे बघ, दिवस उजाडल्याबिगर चहाला तोंड लावायचं न्हाई."

"बरं. ध्यानात ठेवतो," भिवा म्हणाला.

भिवाने ध्यानात ठेवलं की ते ध्यानातून काढायला पुन्हा दुसरं माणूस लागायचं.

आत्याचे यजमान भूगोलाचे मास्तर होते. दूर उत्तरेला बर्फाच्या नद्या असतात आणि हिवाळ्यात तिथलं आकाश पेटल्यासारखं हलतं, असं ते वर्गात सांगायचे. फळ्यावर काढून दाखवायला जायचे आणि खडू खाली ठेवायचे. "हे खडूनं जमायचं नाही, वेणू. आपण एकदा जाऊन बघू," असं घरी येऊन म्हणायचे. ते बघणं राहिलं आणि मास्तर वारले. आता आत्याचे डोळेही अंधूक व्हायला लागले होते. दिसतंय तोवर ते आकाश एकदा बघावं, एवढी एकच तिची इच्छा उरली होती, आणि ती तिने मनापासून धरून ठेवली होती.

शेवटी पुण्याच्या लेकीने नॉर्वेच्या सहलीत आईची जागा ठरवली. सोबत हात धरायला कुणीतरी हवं होतं. घरात रिकामं माणूस एकच होतं.

"भिवा, तिथं लई थंडी असती. गरम कपडे सगळे घाल," आत्या म्हणाली.

"बरं. ध्यानात ठेवतो."

भिवाने सगळे घातले. तीन स्वेटर, त्यावर मास्तरांचा कोट, मफलर आणि माकडटोपी. मुंबईच्या विमानतळावर तो पोचला तेव्हा घामाने निथळत होता. तपासणीच्या दारात शिपायाने अडवलं. कोट काढा म्हणाला.

"का?" भिवाने विचारलं. मागे रांग खोळंबली.

सहलीबरोबर नचिकेत नावाचा पुण्याचा मुलगा होता. लोकांना नेणं-आणणं त्याच्याकडे. तो धावत आला. "भिवाकाका, असं का म्हणून विचारायचं नसतं. दारातून आत सोडायच्या आधी कोट काढायचा, बूट काढायचे, बाजूला ठेवायचे आणि हात वर करून उभं राहायचं. की झालं."

"बरं. ध्यानात ठेवतो," म्हणून भिवाने कोट काढला, बूट काढले, स्वेटर काढले आणि नाडीला हात घातला. "पायजमा राहू दे," आत्या म्हणाली. म्हणून पायजमा राहिला.

नॉर्वेला उतरल्यावर सामान घेऊन बाहेर पडायच्या दोन वाटा होत्या. एकीवर हिरवी पाटी, एकीवर लाल. सगळे हिरवीतून निघाले. भिवा मात्र हिरव्या पाटीखाली थांबला आणि तिथल्या जकातीच्या साहेबाला पिशवीतलं सगळं सांगायला लागला. दोन पायजमे आहेत. शेंगदाण्याची चटणी आहे, ती आत्याने केली आहे. गोफण आहे, पण दगड आणलेले नाहीत. साहेबाला मराठी येत नव्हतं, पण तो बिचारा ऐकून घेत होता.

नचिकेतने भिवाला दंडाला धरून ओढलं. "काका, सोपं आहे. हिरवं दिसलं की सांगण्यासारखं काही नाही. गप्प राहायचं. लाल दिसलं तरच थांबून सांगायचं."

भिवाला हे एकदम पटलं. रानातही तसंच असतं. हिरवं दिसतंय म्हणजे पीक बरं आहे, कुणाला हाक मारायचं कारण नाही.

"बरं. ध्यानात ठेवतो," तो म्हणाला.

तिथून आणखी उत्तरेला, समुद्राकाठच्या एका लहान गावात त्यांचा मुक्काम होता. लाकडी हॉटेल, म्हातारा मालक, खिडकीबाहेर बर्फाचे डोंगर. त्या दिवसांत तिथे सूर्य उगवतच नाही. दुपारी थोडा वेळ निळसर झुंजूमुंजू होतं आणि लगेच पुन्हा काळोख. हे नचिकेतने सगळ्यांना सांगितलं, पण तेव्हा भिवा पूर्वेकडची खिडकी शोधत होता.

न्याहारीला चहा आला. भिवाने कप लांब सारला.

"बरं न्हाई का रे?" आत्याने विचारलं.

"बरंय की. थांबतो जरा," भिवा म्हणाला, आणि खिडकीकडे बघत राहिला.

त्या संध्याकाळी आभाळ भरलेलं होतं. आत्या काचेला नाक लावून बसली होती. काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी बर्फाची नदी बघायला गेले. इंग्रिड नावाची तिथलीच एक धिप्पाड बाई वाट दाखवायला होती. नदीच्या पोटात बर्फाची गुहा होती, आत निळाशार उजेड. तोंडाशी दारासारखी कमान. इंग्रिड दोर धरून कमानीत उभी राहिली. भिवाने तिला बघितलं आणि कोट काढला. बूट काढले, मोजे काढले, सगळं नीट घडी करून बर्फावर ठेवलं आणि हात वर करून उभा राहिला. इंग्रिडला वाटलं ही यांच्याकडची नमस्काराची रीत असेल. तिनेही हात वर केले. दोघं तशीच समोरासमोर उभी.

नचिकेत गुहेतून ओरडत आला तोवर भिवाची बोटं जांभळी पडली होती.

"काका, इथे काढायचं नाही, घालायचं. हे खिळ्यांचे पट्टे बघा. पायाखाली गुळगुळीत, चकाकणारं काही दिसलं की बुटांना हे बांधायचे. बांधल्याशिवाय एक पाऊल टाकायचं नाही. हाड मोडेल."

"बरं. ध्यानात ठेवतो," भिवा म्हणाला आणि शिंकला.

तीही संध्याकाळ ढगातच गेली. आत्याने मास्तरांच्या कोटाची बाही भिवाच्या अंगावर सारखी केली.

तिसऱ्या दिवशी भिवा नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी उठला. दार उघडून बघतो तर हॉटेलची लाकडी जमीन मेण लावून घासलेली. गुळगुळीत. चकाकणारी. भिवा मागे सरला, बुटांना खिळे बांधले आणि मगच निघाला. खाड खाड खाड खाड. या टोकापासून त्या टोकापर्यंत. जाताजाता पाखरं हाकलायच्या सवयीने "हाऽऽ हुर्र" अशी एक आरोळीही ठोकली. सगळे खोल्यांतून बाहेर आले. म्हातारा मालक कंदिलासारखा दिवा घेऊन आला आणि गुडघ्यावर बसून जमिनीतली भोकं एकेक बोटाने चाचपायला लागला. ते बघून आत्याला फार लाज वाटली.

नचिकेतने हात जोडले. "काका, एवढं एक ऐका. उजाडेपर्यंत झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही. तुम्ही नाही, आणि दुसरं कुणी उठवत असेल तर त्यालाही उठवू द्यायचं नाही."

"बरं. ध्यानात ठेवतो."

चहा आला. भिवाने खिडकीतून बघितलं. काळोख. कप लांब सारला. आता त्याचं डोकं ठणकायला लागलं होतं.

ती शेवटची संध्याकाळ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बस येणार, विमानतळावर नेणार आणि सहल संपणार. इंग्रिडने सगळ्यांना गाडीतून दूर एका खाडीकाठी नेलं. तिथे ढग विरळ होते. काठावर एक खोपटं होतं, आत चूल पेटलेली, चुलीवर माशांचं सूप आणि आत्यासाठी बटाट्याचं. बाहेर थंडी अशी की पापण्यांवर बर्फ धरत होता. आत्याचे गुडघे आखडले.

"काकू, तुम्ही आत शेकत बसा. कुणीतरी बाहेर थांबून आकाशावर नजर ठेवली की पुरे," नचिकेत म्हणाला.

"मी थांबतो," भिवा म्हणाला.

नचिकेत जरा कचरला.

"राखणीत त्याला बोल लावायला जागा न्हाई," आत्या म्हणाली. "जागचा हलायचा न्हाई आन् डोळाबी मिटायचा न्हाई." आणि ते खरंच होतं.

"ठीक आहे. काका, आकाशात सांगण्यासारखं काही दिसलं की लगेच सांगा."

"बरं. ध्यानात ठेवतो."

सगळे आत गेले. भिवा दगडावर बसला आणि वर बघायला लागला. थोड्या वेळाने ढग बाजूला झाले. डोंगरामागून एक हिरवी रेघ निघाली. भिवाने ती नीट बघितली. हिरवी होती. मग तिचा पट्टा झाला, पट्ट्याचा पडदा झाला, पडदा वाऱ्यावर धुणं हलावं तसा या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत हलायला लागला. खाडीचं पाणी हिरवं झालं, बर्फ हिरवा झाला. भिवाने स्वतःचे हात बघितले. तेही हिरवे. त्याने चारी दिशांना मान फिरवून लाल कुठे आहे का ते शोधलं. कुठेच नव्हतं. त्याला बरं वाटलं.

खोपटाच्या काचांवर सुपाची वाफ साचली होती. आतून नचिकेतने हाक दिली, "काका, आहे का काही?"

"सांगण्यासारखं काही न्हाई," भिवा म्हणाला.

आत सगळ्यांनी सूप घेतलं. आकाश गोल गोल फिरलं, झालरीसारखं खाली आलं, पुन्हा वर गेलं.

"भिवा, नीट बघतोयस ना रे?" आत्याची हाक आली.

"नीट बघतोय, आत्या. समदं ठीक हाय."

तासाभराने हिरवं फिकट झालं आणि विझलं. ढग परत आले. सगळे बाहेर आले तेव्हा डोक्यावर काळं कुट्ट आभाळ होतं. आत्या बराच वेळ मान वर करून उभी राहिली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मास्तरांना न्हाई दिसलं, मलाबी न्हाई." आणि गाडीत जाऊन बसली. परतीच्या वाटेवर ती तोंड फिरवून रडत होती. भिवाला ते दिसलं. आत्याला रडताना त्याने फार वर्षांनी बघितलं होतं, आणि त्याचा जीव कासावीस झाला. आपण इतकी चांगली राखण केली, तरी आत्या का रडते ते मात्र त्याला कळेना.

सकाळी बस आली. नचिकेतचा मोबाईल थंडीने बंद पडला होता, पण सगळ्यांना उठवायचं काम म्हाताऱ्या मालकाने घेतलं होतं. तो पितळी घंटा घेऊन जिना चढला. वरच्या पायरीवर भिवा बसलेला. त्याने ओठांवर बोट ठेवलं, घंटा हातातून काढून घेतली आणि खिडकीबाहेरचा काळोख दाखवला. म्हाताऱ्याने घड्याळ दाखवलं. भिवाने पुन्हा काळोख दाखवला. म्हाताऱ्याला कालची भोकं आठवली. या माणसाशी वाद नको, असं ठरवून तो खाली गेला. बसवाला थोडा वेळ थांबला आणि निघून गेला.

रात्री उशिरा निजलेले आणि काळोखाला फसलेले सगळे उठले तेव्हा दुपारचं निळसर झुंजूमुंजू होऊन गेलं होतं.

"काका, विमान गेलं," नचिकेत म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"अंधारात कसं गेलं?" भिवा म्हणाला.

पुढचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. नचिकेत दिवसभर हॉटेलच्या फोनवर बोलत होता आणि भिवाकडे बघायचं टाळत होता. सहलीतले लोक कुजबुजत होते. आत्याने सगळ्यांच्या वतीने मालकाची माफी मागितली.

आणि संध्याकाळी हॉटेलच्या अंगणातूनच आकाश पेटलं.

आधी इंग्रिडची आरोळी आली. सगळे धावले. आत्या भिवाचा हात धरून बाहेर आली आणि उभी राहिली. डोक्यावर हिरवा पडदा हलत होता, आणि अंधूक डोळ्यांनाही तो पुरून उरत होता. आत्या मास्तरांच्या कोटाला, म्हणजे भिवाला, घट्ट धरून बघत होती. "बघा हो, खडूनं खरंच जमलं नसतं," ती म्हणाली, आणि ते ती भिवाला म्हणत नव्हती. नचिकेतने डोळे पुसले. विमान चुकलं म्हणून हे बघायला मिळालं, असं म्हणून ज्याने त्याने भिवाची पाठ थोपटली. सकाळचा राग कुणाला आठवेना.

आत्याने आतून कपभर चहा आणला. "घे बाबा. तुझ्यामुळं दिसलं मला. किती दिस चहा घेतला न्हाईस तू."

"उजाडलं का?" भिवाने विचारलं.

आत्याला आपणच घातलेली चहाची अट आठवली. "उजाडलं रे," ती म्हणाली. "पी."

भिवाने एक घोट घेतला. डोक्याचा ठणका उतरला. त्याने वर बघितलं, सगळ्यांकडे बघितलं, पुन्हा वर बघितलं.

"म्हंजे हे बघायला आलतो व्हय आपण?" तो म्हणाला. "हे तर काल तुम्ही सूप पीत होता तवा तासभर होतं. यापेक्षा मोठं होतं. पण समदं हिरवंच होतं, म्हणून सांगितलं न्हाई."

आत्याने भिवाच्या हातातला कप काढून घेतला आणि उरलेला चहा स्वतः पिऊन टाकला.