घुंगरांची गाडी

फार जुनी गोष्ट आहे बरं का. इतकी जुनी, की तेव्हा घाटाला नावसुद्धा पडलं नव्हतं. त्या घाटाच्या पायथ्याशी सटवाजी नावाचा गाडीवान राहायचा. घरात बायको भागा, गोठ्यात दोन बैल, अंगणात एक बैलगाडी, एवढाच संसार. एकुलती लेक हौसा घाटापलीकडे दिलेली.

गाडी जुनी होती, पण कधी कुरकुरायची नाही. ती सगळी भागाची करणी. रोज सकाळी ती पळीभर एरंडेल चाकांच्या आखाला घालायची, चाकाला कान लावायची, आणि मग म्हणायची, "न्या आता."

"माझी कधी एवढी विचारपूस केली नाहीस," सटवाजी चेष्टा करायचा.

एके वर्षी भागा पाय घसरून पडली नि तिचा हात मोडला. वंगणाचं काम सटवाजीकडे आलं. त्याला त्याचा भारी कंटाळा.

"घातलं का वंगण?" भागा अंथरुणावरून विचारायची.

"घातलं की," तो म्हणायचा. घातलेलं मात्र नसायचं.

पंधरा दिवसांत चाक कुरकुरायला लागलं. सुतार म्हणाला, "आख झिजतोय, सटवाजी. दोन दिवस गाडी ठेव. पायलीभर ज्वारीत काम होईल."

पण हौसाचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं. तिला माहेरी आणायला जायचं, तर व्याह्यांच्या दारात गाडी कशी दिसायला हवी! सटवाजीने घरातली ज्वारी मोजून दिली ती पितळी घुंगरांना आणि लाल छताला. घुंगरं अशी वाजायची, की चाकाची कुरकुर कुणालाच ऐकू येईना.

चांद्या नावाचा म्हातारा बैल म्हणाला, "धनी, चाक रडतंय."

"घुंगरं वाजतायत रे ती," सटवाजी म्हणाला.

बैल कधी बोलतो का, असं विचारू नका. मानेवर जू असलं की बोलावंच लागतं, ऐकणाराच नसतो.

निघताना भागाने डाव्या हाताने एक बुधली पुढे केली. "एरंडेल आहे. हौसाच्या पायांना लावा. वाटेत लागेल."

व्याह्यांनी गाडीचं तोंडभरून कौतुक केलं. परतताना मात्र ऐन घाटात चाकातून धूर निघाला आणि चाक जागच्या जागी अडकलं. सटवाजीने खांदा लावून ढकललं, पण ते तसूभर हललं नाही. गाडीत हौसा पोट धरून बसली होती. तिच्या कळा सुरू झाल्या होत्या.

सटवाजी खाली बसला आणि हुंदके द्यायला लागला. "तुझ्या आईशी मी खोटं बोललो गं. वंगण कधी घातलंच नाही."

"आबा, रडून चाक फिरायचं नाही," हौसा हळूच म्हणाली. "ती बुधली आणा."

सटवाजीने आधी सगळी घुंगरं काढली. मग आखाला तेल पाजलं, चाक हलवत राहिला आणि भागासारखा कान लावून बसला. बऱ्याच वेळाने चाक फिरलं.

"आता सावकाश," चांद्या म्हणाला. "उतार मी सांभाळतो."

उन्हं कलताना गाडी अंगणात आली. भागाने लेकीला धरून घरात नेलं, आणि मागे कडाडकन आवाज झाला. आख मोडून चाक आडवं पडलं होतं. थोड्याच वेळात घरातून बाळाचं रडणं ऐकू आलं.

नवा आख आणि नवं चाक करायला घुंगरं गेली, छत गेलं, वर वर्षभराची ज्वारी गेली. एकच घुंगरू उरलं, ते नातीच्या पाळण्याला बांधलं.

सटवाजीने भागाला सगळं खरं सांगितलं. ती हसली. "मला ठाऊक होतं. मडक्यातलं तेल महिनाभर खाली गेलंच नव्हतं. ती बुधली काय हौसाच्या पायांसाठी होती होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"त्या घुंगरांत तुम्हाला ऐकू आलं असतं?"

दुसऱ्या दिवशी उठल्याबरोबर सटवाजीने स्वतः पळी उचलली, आखाला तेल घातलं आणि चाकाला कान लावला.

तात्पर्य: कुरकुरणाऱ्या चाकाला वेळेवर तेल द्यावं, घुंगरं बांधून त्याचं रडणं झाकू नये.