अर्धा उघडलेला पंखा

फार फार वर्षांपूर्वी, उगवतीच्या समुद्रातल्या एका बेटावर राजाचे हुकूम पंख्यावर यायचे. घडीचा कागदी पंखा, त्यावर रंगवलेलं चित्र आणि कुंचल्यानं लिहिलेली वळणदार अक्षरं. हुकमाचा पंखा पुरता उघडणं म्हणजे राजाचा अपमान, अशी तिथली रीत. अर्धाच उघडायचा आणि तेवढ्यावरून समजून घ्यायचं.

एकदा असा पंखा एका खेड्यात आला. तिथं पंखे बनवणाऱ्या एका विधवेचं बांबूचं बन होतं. त्याच बांबूच्या काड्यांवर तिचं पोट.

अर्ध्या पंख्यावर करकोच्याचं चित्र होतं, आणि अक्षरांतून दोनच गोष्टी वाचता येत होत्या, बांबूचं बन आणि कुऱ्हाड. कारभारी म्हणाला, बन तोडायचा हुकूम आहे. पुजारी म्हणाला, छे, बनात कुऱ्हाडीची पूजा करायची आहे. गुरुजींच्या मते बन आणि कुऱ्हाडी दोन्ही राजाला देऊन टाकायचं होतं. बाई तिघांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं. एवढी शिकलेली माणसं, पंखा एकच, आणि हुकूम तीन? की आपलंच डोकं फिरलंय? काही कळेना, म्हणून ती गप्प बसली.

कारभाऱ्याचा आवाज मोठा, म्हणून कुऱ्हाडी चालल्या. दोन दिवसांत निम्मं बन आडवं झालं.

तिसऱ्या दिवशी तिनं पंखा जवळून पाहिला. चित्रातल्या करकोच्याला डोकंच नव्हतं. ती आणखीच चक्रावली. असं पाखरू कोण काढील? मग तिला उमगलं. चित्र आणि अक्षरं आधी सपाट कागदावर काढतात, घड्या मागून घालतात. जन्मभर तिनं दुसरं केलं काय?

"कारभारी, पाखराचं डोकं घडीत राहिलंय," ती म्हणाली. "तुमच्या हुकमाचं काय काय आत राहिलंय?"

"तुला ओ की ठो येत नाही आणि तू आम्हाला शिकवणार?"

"बन माझं तुटतंय. रीत तुमची तुम्ही सांभाळा."

तिनं फर्रकन पंखा पुरता उघडला. आता गुरुजींना वाचावंच लागलं: या बांबूच्या बनाला कुणी कुऱ्हाड लावू नये, राजकन्येच्या लग्नाचे पंखे याच बांबूचे व्हायचे आहेत.

पंखे निम्मेच झाले. कच्च्या तोडलेल्या बांबूला कीड लागली. राजानं तिघांना नवं बन लावायला लावलं, आणि ते उभं राहीपर्यंत त्यांनी खांद्यावरून पाणी वाहिलं. बाईला मात्र ते गप्प बसलेले दोन दिवस आयुष्यभर सलत राहिले.

कळलं नसेल तर कळलं नाही म्हणावं आणि पुरतं उघडून बघावं. न कळता हुकूम चालवणारा दुसऱ्याचं घर मोडतो.