ताट ज्याचं त्यानं आणावं

चंदनगडच्या उदेभान महाराजांनी एका फर्मानात शाळेला कुलूप ठोकलं! गुरुजी राजवाड्यात बसून शिकवणार, पोरांनी घरबसल्या मोबाइलवर शिकायचं. फुकट! जो मोबाइलवर दिसणार नाही, त्याचं नाव पटावरून कमी.

सरदारांची पोरं गादीवर लोळत शिकू लागली. नदीकाठच्या वस्तीत मात्र ना मोबाइल होते, ना टॉवर. राजवाड्यातल्या भिवा आचाऱ्याची गोजरी वस्तीतच राहायची. गणितात सगळ्यांच्या पुढे असलेली ही पोर! आपलंही नाव जाणार म्हणताना तिनं थेट दरबार गाठला.

"महाराज, आमच्यापर्यंत शाळा पोचतच नाही!"

"खोटं!" महाराज कडाडले. "माझी शाळा हवेतून जाते. हवा काय सरदारांनाच मिळते? ती सगळ्यांपर्यंत पोचते म्हणजे पोचते!"

"पण महाराज..."

"पण नाही नि बिण नाही! एवढीच खात्री असेल, तर शाळा, मोबाइल यातला एकही शब्द न काढता माझ्याच तोंडून चूक कबूल करून घे. जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं, तर अख्ख्या वस्तीची नावं कापीन!"

दरबार खो खो हसला. गोजरीनं मात्र मान डोलावली. "उद्याचं जेवण मी वाढते, महाराज."

दुसऱ्या दिवशी पाट मांडले, रांगोळ्या घातल्या. पुरणपोळ्यांचा आणि कटाच्या आमटीचा वास असा सुटला, की महाराज वेळेआधीच पाटावर येऊन बसले! शेजारी दिवाणजी. ते पक्के सोवळ्यातले. स्वतःचं चांदीचं ताट बगलेत घेऊनच हिंडायचे.

गोजरीनं दिवाणजींच्या ताटात पोळी वाढली, वर तुपाची धार सोडली. दिवाणजींनी मिटक्या मारायला सुरुवात केली. महाराजांपुढे मात्र नुसतीच रांगोळी!

"अगं, मला वाढ की!"

"कशात वाढू, महाराज?"

"ताटात!"

"ताट कुठंय?"

महाराजांनी इकडेतिकडे पाहिलं. भिवा दाराआडून डोकावत होता. "ताट तू द्यायचंस, पोरी!"

"जेवण राजवाड्याचं, महाराज. ताट ज्याचं त्यानं आणावं. बघा, वास हवेतून सगळ्यांपर्यंत सारखाच पोचतोय!"

दिवाणजींनी दुसरी पोळी मागून घेतली. महाराजांच्या पोटात कावळे कोकलू लागले. शेवटी ते ताडकन उठले.

"ही काय थट्टा आहे? जेवण म्हणे सगळ्यांचं, आणि जेवणार कोण, तर ज्याच्याकडे ताट आहे तो! ज्याला ताटच नाही, त्यानं काय वास घेऊन पोट भरायचं? हा कुठला न्याय?"

गोजरीनं हात जोडले. "हेच तर, महाराज! ठरल्याप्रमाणे ते दोन शब्द मी काढलेच नाहीत. सगळं आपणच बोललात!"

दिवाणजींचा घास हातातच राहिला. आणि मग महाराज असे खदखदून हसले, की त्यांचा फेटाच सुटला!

"हरलो, पोरी, हरलो! दिवाणजी, हात धुवा आणि लिहा! शाळेचं कुलूप आत्ताच्या आत्ता काढा. नदीकाठी टॉवर उभारा. वस्तीत घरटी एक मोबाइल राजवाड्याच्या खर्चानं द्या, आणि पहिला या गोजरीच्या हातात!"

मग पोट धरून ते पुन्हा पाटावर बसले. "आणि आता तरी मला ताट दे गं, बाई!"