धाकोजी सुताराचा छपराचा पूल

एका राज्यात राजा होता, राणी होती, हत्ती-घोडे होते. पण नदीवर पूल म्हणून टिकत नव्हता. नदी तरी कशी? नाव घातली रे घातली की उलटलीच! धाकोजी सुताराची एकुलती लेक सगुणा पैलतीरी दिलेली. चार वर्षं झाली, बापाने लेकीचं तोंड पाहिलं नव्हतं.

आणि दोष कुणाचा? त्याचाच. सुतारांची रीत अशी, की झाड तोडण्याआधी बुंध्याशी मूठभर तांदूळ ठेवायचे, ‘इथं कोणी राहत असेल त्याने बिऱ्हाड हलवावं’ म्हणायचं आणि घरी जायचं. सकाळी तांदूळ टिपलेले दिसले, तर झाडाची परवानगी. पण सगुणाच्या लग्नाचा मुहूर्त जवळ आलेला, वरात नव्या पुलावरून जायची होती, आणि तो अजून बांधायचा होता. धाकोजीने घाईघाईत न विचारताच कुऱ्हाड घातली. ढोलीत धनेश पक्षीण अंडी उबवत होती. अंडी फुटली. पक्षीण म्हणाली, “तुझा पूल तीन दिवसांपेक्षा जास्त टिकणार नाही.” वरात गेली, आणि तिसऱ्या दिवशी पूल कोसळला. पुढे आणखी दोन बांधले, त्यांचीही तीच गत.

अखेर धाकोजी रानात गेला आणि त्याने पक्षिणीपुढे डोकं टेकलं.

“आई, माझं चुकलं. मला हवी ती शिक्षा दे, पण लेकीची वाट मोकळी कर.”

“तीन गोष्टी कर. प्रत्येक झाडाला विचार. लोखंडाने माझं घर फोडलं, म्हणून पुलात एक खिळा नको. आणि माझं छप्पर गेलं, तर पुलाला छप्पर घाल.”

धाकोजी कामाला लागला. अकरा झाडांनी नकार दिला. त्यांना हात जोडून तो पुढे गेला. खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या ठोकल्या. राजा बघायला आला आणि हसतच सुटला.

“अरे, हा पूल की धर्मशाळा?”

“महाराज, छपराखालचं लाकूड भिजत नाही, म्हणून कुजत नाही. पक्षिणीने शिक्षेतही शहाणपणच दिलं.”

पण शेवटी छपराला लाकूड कमी पडलं, आणि एकही झाड हो म्हणेना. धाकोजी कपाळाला हात लावून बसला. तेव्हा त्याची बायको भागूबाई म्हणाली, “अहो, बसलात काय? आपल्या घराचे वासे काढा की!”

दोघांनी राहत्या घराचं छप्पर उतरवलं आणि पुलावर चढवलं. पक्षीण आली, आढ्याशी बसली. म्हणाली, “शाप फिटला.”

तरी तिसऱ्या दिवशी सारं गाव काठावर श्वास रोखून उभं. पूल करकरला, धाकोजीने डोळे मिटले. उघडले तेव्हा पूल जागच्या जागी होता, आणि त्यावरून सगुणा चालत येत होती. तिचं बोट धरून एक चिमुरडी होती. अशी कोणी आहे, हेसुद्धा म्हाताऱ्याला ठाऊक नव्हतं.

त्याने आधी वर पाहून पक्षिणीला हात जोडले. म्हणाला, “आई, तुझे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत.”

चिमुरडीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “पलीकडचे आजोबा ते तुम्हीच का?”